शाळेच्या सुट्ट्या वगळून

१ मेला झेंडावंदन होतं, निकाल लागतो आणि पोरं प्रगतिपुस्तक घेऊन घराकडे धूम ठोकतात. त्याच्या एक-दोन दिवस आधी शाळेच्या किचनशेडमध्ये एक काम चाललेलं असतं, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. खिचडी शिजवणाऱ्या मावशी मोठा टोप राखेनं घासतात, उन्हात पालथा घालतात, ताटल्या मोजून पोत्यात बांधतात, शिल्लक तांदूळ किती ते सरांना सांगतात आणि कुलूप लावून किल्ली देऊन जातात. तो टोप जूनच्या मध्यापर्यंत पालथाच राहतो. विदर्भात शाळा आणखी उशिरा उघडतात, तिथे त्याहून जास्त दिवस.

मी मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत सव्वीस वर्षं शिकवलं. त्यातली एक तिसरीतली मुलगी मला अजून आठवते. आईबाप ऊसतोडीला, ही आजीजवळ. खिचडीच्या सुट्टीत ती निम्मी खिचडी खायची आणि निम्मी डब्याच्या झाकणात काढून ओढणीच्या तुकड्यात बांधायची. आजीला दात नव्हते, खिचडी चावावी लागत नाही, असं तिनंच सांगितलं होतं. आहार शाळेतच खायचा, घरी न्यायचा नाही, असा नियम. मी त्या वेळी फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो. सुट्टी लागायच्या दिवशी तिनं मला विचारलं, “सर, उन्हाळ्यात खिचडी कुठं मिळती?” मिळते का, असं तिनं विचारलं नाही. मिळत असणारच, फक्त जागा बदलत असेल, असा तिचा समज होता. तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही. आज निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी मी हा लेख लिहितोय तो तिच्या प्रश्नामुळे.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याच्या ५व्या कलमात लिहिलंय, की आठवीपर्यंतच्या, म्हणजे ६ ते १४ वयाच्या मुलांना सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत दुपारचं एक जेवण रोज मोफत मिळेल. हा त्यांचा हक्क आहे. आणि त्याच वाक्यात चार इंग्रजी शब्द आहेत, ज्यांचा अर्थ ‘शाळेच्या सुट्ट्या वगळून’ असा होतो. त्या चार शब्दांवर माझा आक्षेप आहे. कायद्यानं मुलाला हक्कदार केलं आणि लगेच त्याचा हक्क शाळेच्या घंटेला बांधून टाकला. शाळेला सुट्टी का, तर ऊन फार, पाणी नाही, मास्तरांनाही विश्रांती हवी. ही कारणं रास्तच आहेत. पण यातलं एकही कारण मुलाचं जेवण बंद करण्याचं नाही.

याच कलमात सहा वर्षांखालच्या मुलांना अंगणवाडीतून आहार देण्याची तरतूद आहे. अंगणवाडीचा पूरक आहार वर्षाला ३०० दिवस धरलेला असतो. शाळेला लांबलचक उन्हाळी सुट्टी लागते, तशी अंगणवाडीला लागत नाही. आता एकाच घरातली दोन भावंडं डोळ्यांसमोर आणा. पाच वर्षांचा धाकटा मे महिन्यात वाटी घेऊन अंगणवाडीत जातो आणि उसळ खाऊन येतो. सात वर्षांचा थोरला दारात उभा राहून त्याची वाट बघतो. गेल्या जूनमध्ये त्याचं नाव पहिलीत घातलं, एवढाच काय तो फरक. मी हे दृश्य पाहिलेलं आहे. अंगणवाडीच्या ताई मनानं चांगल्या असतील तर थोरल्यालाही चमचाभर वाढतात, पण तो त्यांच्या वहीत बसत नाही.

मे महिन्यातली भूक कशी असते, हे शहरातल्या वाचकांना नीट कळावं म्हणून थोडं सविस्तर सांगतो. घरात दाणा नाही, चूल पेटलेली नाही, असं चित्र आता सहसा दिसत नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, २०२३पासून तेही मोफत. ते धान्य पोचतं आणि त्याचा आधार मोठा आहे. कमी पडतं ते बाकीचं. डाळ, तेल, भाजी, आणि दुपारी बाराला ताजं शिजवून वाढणारं माणूस. उन्हाळ्यात रानातली पालेभाजी वाळून गेलेली असते. विहीर आटली की परसातलं वांगंही जातं. आई पहाटेच कामावर गेलेली असते. कुठं वीटभट्टी, कुठं विहिरीचं खोदकाम, गडचिरोली-गोंदियाकडे तेंदूपत्ता. जाताना ती भाकरी थापून दुरडीत झाकून ठेवते. पोरगं ती दुपारी चटणीशी खातं, संध्याकाळीही तीच. पोट भरलेलं दिसतं. पण शाळेत त्याला डाळ मिळायची, कडधान्य मिळायचं, खिचडीत का होईना गाजर-बटाटा मिळायचा, ते सगळं एकदम बंद होतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेच्या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम, असं सरकारचंच मोजमाप आहे. सुट्टीत मात्र ही वजाबाकी कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

ऊसतोड कामगारांच्या पोरांची गत तर दुहेरी. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, कोयता फडात जातो, पोरं बरोबर जातात. शाळेतला आहार तेव्हाच सुटला. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, टोळी गावी येते, पोरगं शाळेत यायला लागतं आणि महिनाभरात शाळेला सुट्टी लागते. वर्षातले किती दिवस या मुलाच्या ताटात ते जेवण पडलं, याचा हिशेब मी एकदा एका पोराच्या नावापुढे मांडला होता. हजेरीपट बघून बोटांवर मोजता आला असता, इतका तो लहान होता.

जूनमध्ये शाळा उघडली की फरक कळतो. त्याला वजनकाट्याची गरज नसते. एप्रिलमध्ये जी चड्डी कमरेला नीट बसायची, तिची नाडी जूनमध्ये आवळून गाठ मारलेली असते. पहिल्या आठवड्यात खिचडीसाठी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ताटली पुढे येते. ज्यांनी ज्यांनी ग्रामीण शाळेत वाढप केलंय, त्या प्रत्येक शिक्षकाला हे ठाऊक आहे. त्यात पावसाळा सुरू झालेला. गढूळ पाणी, जुलाब, ताप. उन्हाळ्यात खंगलेलं अंग आजाराला पटकन बळी पडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आणि २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं हडकुळी आढळली. ही मुलं सहा वर्षांची झाली म्हणून एका रात्रीत धडधाकट होत नाहीत. तीच आमच्या पहिलीच्या वर्गात येऊन बसतात.

सुट्टीत जेवण देण्याची कल्पना मी काढलेली नाही. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१च्या आदेशानं शिजवलेलं जेवण सक्तीचं केलं. त्याआधी १९९५पासूनच्या योजनेत बऱ्याच राज्यांत मुलांना नुसतं धान्य वाटलं जायचं, आपल्याकडेही पोरं महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीत घेऊन जायची. त्याच खटल्यात २० एप्रिल २००४ला न्यायालयानं सांगितलं, की दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही हे जेवण दिलं पाहिजे. १३ मे २०१६ला स्वराज अभियान या संघटनेच्या याचिकेवर पुन्हा तेच सांगावं लागलं, शिवाय अंडं किंवा दूध द्या, असंही. बारा वर्षांनी तोच आदेश पुन्हा द्यावा लागतो, यावरून मधल्या काळात काय झालं असेल ते कळतं.

आदेश निघाल्यावर शाळेत काय होतं, तेही मी अनुभवलंय. एका दुष्काळी वर्षी सुट्टी लागून आठवडा झाल्यावर आमच्याकडे पत्र आलं. शिक्षक आपापल्या गावी गेलेले. मी शाळेच्या गावातच राहायचो, म्हणून किल्ली माझ्याकडे. मावशींना निरोप धाडला, त्या शेततळ्याच्या कामावर. पाण्याचा टँकर दोन दिवसांआड यायचा आणि तो शाळेपर्यंत येत नसे. पहिल्या दिवशी नऊ पोरं आली, कारण बाकीच्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चौथ्या दिवशी तीस. सातव्या दिवशी भाजीपाल्याचे आणि तेलाचे पैसे संपले, पुढचे पैसे आले ते शाळा उघडल्यावर. कागदोपत्री मात्र ‘मुलांचा प्रतिसाद अल्प’ अशी नोंद झाली. असल्या नोंदी एकत्र करून वर कुणीतरी निष्कर्ष काढतं, की सुट्टीत मुलं जेवायला येत नाहीत. पोरं येतात. आधी सांगावं लागतं, आणि रोज शिजवावं लागतं.

दुसरी गोष्ट करोनाच्या वर्षांतली. तेव्हा केंद्रानं उन्हाळी सुट्टीतल्या आहारासाठी खास तरतूद केली, ही मोठी गोष्ट होती. पण २०२१ साली ती रक्कम मुलांच्या बँक खात्यात टाकायची ठरलं. आपल्या राज्यात ३५ दिवसांचे पैसे किती झाले? पाचवीपर्यंतच्या मुलाला सुमारे १५६ रुपये आणि सहावी ते आठवीच्या मुलाला सुमारे २३४. त्यासाठी मुलाच्या नावचं खातं हवं. खातं काढायला आईनं एक दिवसाची मजुरी बुडवायची, तालुक्याला जायला जीपचं भाडं भरायचं, बँकेत पाचशे-हजार भरा म्हणून सांगितलं की परत फिरायचं. दीडशे रुपयांसाठी गरीब माणसाचे त्याहून जास्त रुपये गेले. भुकेल्या पोराला पैसे पाठवणं आणि जेवू घालणं यात किती अंतर आहे, ते त्या उन्हाळ्यात दिसलं.

आता फूड बँकांबद्दल. आपल्याकडे सध्या याचं कौतुक आहे, आणि कौतुक करण्यासारखंच काम आहे. मुंबईत निवृत्त पोलीस महासंचालक डी. शिवानंदन यांनी रोटी बँक उभी केली, औरंगाबादेत २०१५ साली रोटी बँक सुरू झाली. लग्नाच्या हॉलमधलं, हॉटेलांतलं चांगलं अन्न वाया न जाता कुणाच्या तरी पोटात जातं. पण एखादी चांगली संस्था दिसली की आपण लगेच म्हणतो, झालं, संस्था आहेत ना! शहरातल्या मंगल कार्यालयात उरलेला पुलाव नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या पाड्यावर पोचत नाही. जिथं उरतं तिथून जिथं कमी आहे तिथपर्यंत शंभर-दीडशे किलोमीटर उन्हातून शिजवलेलं अन्न नेता येत नाही. आणि मे महिन्यातल्या लग्नतिथी संपल्या की तेही संपतं.

ज्या देशात ही फूड बँक जन्मली, तिथं काय झालं ते बघा. १९६७ साली अमेरिकेत फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या गृहस्थानं पहिली फूड बँक सुरू केली. शाळेतल्या जेवणाचा कायदा त्यांच्याकडे १९४६पासूनच होता. पण जूनमध्ये शाळा बंद झाल्या की मुलांचं जेवण बंद, हे दुखणं त्यांचंही तेच. म्हणून १९६८ साली उन्हाळी जेवणाचा सरकारी कार्यक्रम प्रायोगिक पातळीवर सुरू झाला आणि १९७५ साली तो स्वतंत्र झाला. आज तिथली एखादी विभागीय फूड बँक उन्हाळ्यात वाचनालयात, बागेत, चर्चच्या आवारात मुलांना जेवू घालते, तेव्हा बऱ्याच ठिकाणी ताटामागचे पैसे सरकार देतं आणि गोदाम, गाडी, माणसं फूड बँकेची असतात. मुलांनी तिथंच बसून खाल्लं पाहिजे, या अटीमुळे खेड्यातली लांबची मुलं वंचित राहायची. ती अट अलीकडे ग्रामीण भागापुरती सैल केली, आता काही दिवसांचं जेवण घरी नेता येतं. शिवाय २०२४पासून गरीब घरातल्या प्रत्येक शाळकरी मुलामागे उन्हाळ्यात महिना ४० डॉलर असे तीन महिने खाद्यखरेदीसाठी मिळतात. टेक्सास, फ्लोरिडा, आयोवा अशा राज्यांनी पहिल्या वर्षी ही मदत नाकारली. श्रीमंत देशातही राज्यकर्त्यांनी हात आखडला की मुलांच्या ताटाचा भार पुन्हा देणगीदारांवर पडतो. पण मूळ व्यवस्था त्यांनी बरोबर लावली आहे. ताटाचे पैसे सरकारचे आणि धावपळ संस्थेची. आपण ताटही संस्थेवर सोपवून मोकळे होतो.

महाराष्ट्राला हे जमणार नाही, असं मला कुणी सांगू नये. १९७२च्या दुष्काळात याच राज्यानं मे १९७३मध्ये जवळपास ५० लाख माणसांना दुष्काळी कामांवर उभं केलं. खडी फोडणाऱ्या आयांच्या पोरांच्या हातावर तेव्हा सुकडी पडायची. माझ्या पिढीच्या जिभेला ती चव अजून आठवते. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. उन्हाळ्यात मोठ्या माणसाला काम नसतं आणि ते देणं सरकारचं कर्तव्य आहे, हे देशाला आपण शिकवलं. त्याच उन्हाळ्यात त्याच माणसाच्या पोराला जेवण नसतं, हे अजून कायद्यात आलेलं नाही.

पैशाचं म्हणाल तर हिशेब सोपा आहे. मे २०२५पासून डाळ, भाजी, तेल, इंधन या सगळ्यासाठी पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे धरलेत, त्यापुढच्या मुलामागे १० रुपये १७ पैसे. सुट्टीचे ३५ दिवस धरले तर एका लहान मुलाला सुमारे २३७ रुपये आणि मोठ्याला ३५६. साठ पोरांची प्राथमिक शाळा असेल तर सव्वाचौदा हजारांच्या आत आणि २१० किलो तांदूळ. हे दरही तुटपुंजे आहेत, हे मला माहीत आहे. २०२५ साली राज्यानं आठवड्याच्या अंड्याचे पैसेसुद्धा बंद केले आणि लोकवर्गणीतून भागवा म्हणून सांगितलं, त्याचं दुःख वेगळंच आहे. पण निदान सुट्टीतल्या जेवणाला पैसा नाही, हे कारण चालणार नाही.

शिक्षकांचा आक्षेप मात्र मी मनापासून मान्य करतो. आधीच जनगणना, निवडणूक, मतदार याद्या, वर सुट्टीतही खिचडी, हे होऊ नये. शिक्षकानं यात असूच नये. हे काम मावशींचं आणि बचत गटाचं आहे. मावशींना महिना २,५०० रुपये मानधन मिळतं, तेही वर्षातले दहाच महिने. म्हणजे सुट्टी लागली की पोरांचं जेवण जातं आणि शिजवणाऱ्या बाईचा पगारही जातो. बहुतेक मावशी विधवा, परित्यक्ता किंवा भूमिहीन घरातल्या असतात. त्यांना बारा महिन्यांचं मानधन द्या. चव बघायला, वही लिहायला गावातल्या दोन आया पुरेशा आहेत. शिजवायचं सकाळी, साडेआठ-नऊला वाढून नऊच्या पुढे किचनशेड बंद. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा भरते, तशीच ही सकाळची पंगत. ज्या पाड्याला शाळेपर्यंत मैलभर उन्हातून यावं लागतं, तिथं अंगणवाडीतच टोप ठेवा, ती उघडीच असते. आणि फूड बँका चालवणाऱ्या भल्या माणसांना मी एक विनंती करीन. शहरातलं उरलेलं अन्न गोळा करता ते कराच, पण तालुक्याच्या बाजार समितीत जा. भाव पडला की टोमॅटोचे क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले जातात, कांद्याच्या ढिगात निम्मा माल आकार लहान म्हणून बाजूला पडतो. तो त्याच सकाळी दहा-पंधरा गावांच्या किचनशेडला पोचवायला एक टेम्पो पुरतो.

कुणी म्हणेल, दुष्काळ जाहीर झाला की देतोच की. पण दुष्काळ जाहीर होतो पावसाच्या आणि पिकाच्या आकड्यांवर. पाऊस उत्तम झालेल्या वर्षीही वीटभट्टीवरच्या बाईचं पोर मे महिन्यात शिळ्या भाकरीवरच असतं. मेळघाट, धडगाव, अक्कलकुवा, मोखाडा, भामरागड, बीड-पाटोद्याकडचे ऊसतोडीचे तालुके, ही नावं कुठल्याही अधिकाऱ्याला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. या तालुक्यांसाठी दर वर्षी मार्चमध्येच आदेश निघावा, एप्रिलमध्ये धान्य आणि आगाऊ पैसे पोचावेत. यासाठी संसदेची वाट बघायला नको, राज्य सरकारची सही पुरेशी आहे. कायद्यातले ते चार शब्द संसदेनं काढायचे तेव्हा काढावेत, आणि ते काढण्यासाठी आपल्या खासदारांनी बोलावं.

आणि १ मे. त्या दिवशी ग्रामसभा असते, पुष्कळ गावांत ती शाळेच्याच आवारात भरते, त्या कुलूप लावलेल्या किचनशेडपासून वीस पावलांवर. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. पेसा कायद्याखाली येणाऱ्या आदिवासी गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट मिळतो. त्या पैशातून खुर्च्या येतात, भजनी मंडळाला सतरंज्या येतात, कधी शिलाई मशिनं येऊन कुणाच्या तरी घरात पडून राहतात. एका ग्रामसभेत मी उठून विचारलं होतं, की आत एक क्विंटल दहा किलो तांदूळ शिल्लक आहे, त्याचं दीड महिना काय करायचं? सरपंच म्हणाले, सर, तो शासनाचा तांदूळ, त्याला हात लावता येत नाही. जूनमध्ये पोतं उघडलं, तर तांदूळ सोंड्यांनी नुसता हलत होता. मावशींनी तो सुपात घेऊन दिवसभर उन्हात पाखडला, आणि शेडच्या दाराशी पोरं ताटल्या घेऊन केव्हाची उभी होती.